दांडगा मुलगा एकटा नसतो

स्टाफरूममध्ये एक समजूत पक्की असे: दांडगा मुलगा आतून भित्रा असतो, कोणी जवळ करत नाही म्हणून तो दुसऱ्याला छळतो. आठवीचा वर्ग सांभाळताना मला वेगळंच दिसे. मधल्या सुट्टीत दांडग्याच्या डब्याभोवती दोघंतिघं हटकून असत. एकटा बसे तो छळला जाणारा.

स्वीडिश मानसशास्त्रज्ञ डान ओल्वेयस 1970 नंतर लगेचच शिक्षकांना आणि वर्गसोबत्यांना विचारत होते, कोण मारतं, कोण मार खातं? 1973 साली त्यांचं पुस्तक आलं. दांडगी मुलं आतून घाबरट निघाली नाहीत, त्यांना दोन-तीन पाठीराखेही होते. छळल्या जाणाऱ्याला बहुधा एकही जवळचा मित्र नव्हता. ‘त्याच्यातच काहीतरी आहे, म्हणून चिडवतात’ हेही टिकलं नाही. चष्मा, जाडेपणा, केसांचा रंग यांनी फारसा फरक पडत नव्हता. अंगात ताकद कमी असणं मात्र नडत होतं. आणि सहावीत मिळालेली जागा नववीपर्यंत सहसा सुटत नव्हती. दोघांचीही. या दांडग्या मुलांपैकी सुमारे 60 टक्क्यांवर वयाच्या 24 व्या वर्षापर्यंत निदान एक गुन्हा शाबीत झाला होता. ‘मोठा झाला की सुधारेल’ म्हणणाऱ्या प्रत्येकाला मी हा आकडा ऐकवते.

1982 च्या अखेरीस उत्तर नॉर्वेत 10 ते 14 वयाच्या तीन मुलांनी जीव दिला. कारण बहुधा सोबत्यांचा छळ. तेव्हा कुठे सरकार हललं. 1983 मध्ये देशभर मोहीम निघाली. बर्गनच्या 42 शाळांतल्या सुमारे 2,500 मुलांनी नाव न लिहिता प्रश्नावल्या भरल्या, आणि दोन वर्षांत छळ जवळपास निम्म्यावर आला. उपाय साधे होते: सुट्टीत मोठ्यांची नजर, वर्गाने मिळून ठरवलेले नियम, पालकांशी बोलणं.

पुढचा धागा फिनलंडच्या क्रिस्टिना साल्मिवाल्ली यांनी उचलला. 1996 साली त्यांनी सहावीच्या वर्गांत उरलेल्या मुलांकडे पाहिलं. कोणी हात धुऊन घेतो, कोणी हसून चढवतो, कोणी मुकाट बाजूला होतो, कोणी मधे पडतो. दांडग्याचा रुबाब या हसण्यावर पोसतो. तुर्कू विद्यापीठात घडलेला ‘किवा’ हा कार्यक्रम 2009 पासून फिनलंडभर पसरला, तो मुख्यतः या बघ्यांसाठीच.

नवे शिक्षक आजही माझ्याकडे एकाच मुलाची तक्रार घेऊन येतात. मी त्यांना आधी हसणाऱ्यांची नावं लिहून आणायला सांगते.