मुलांच्या शाळेच्या डब्यातलं प्लास्टिक येतं कुठून? आणि ते कमी कसं करायचं?

जूनमध्ये शाळा सुरू झाल्या की भांड्यांच्या दुकानांत आणि ऑनलाइन सेलमध्ये मुलांच्या डब्यांना मागणी वाढते. हल्ली ‘प्लास्टिक-फ्री टिफिन’ असं लिहिलेले महागडे डबेही दिसतात. तो घेतला की प्रश्न सुटला, असं अनेक पालकांना वाटतं. पण रोजचा कचरा डब्याचा नसतोच, डबा तर संध्याकाळी घरी परत येतो. कचरा होतो तो डब्यासोबत दप्तरात गेलेल्या इतर गोष्टींचा.

छोट्या सुट्टीतला खाऊ

बहुतेक शाळांमध्ये दोन सुट्ट्या असतात. मोठ्या सुट्टीत पोळी-भाजी किंवा भात असतो आणि तो डब्यातच असतो. छोट्या सुट्टीला मात्र बिस्किटांचा पुडा, वेफर्स, केक किंवा ज्यूसचं खोकं दिलं जातं. सकाळी सातची शाळा आणि दोघांची नोकरी असलेल्या घरात हे का होतं, ते वेगळं सांगायला नको.

आता थोडं गणित. शिक्षण हक्क कायद्यानुसार पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान 200 दिवस शाळा भरावी लागते. एका मुलाने रोज फक्त दोन पाकिटं नेली तरी वर्षाची 400 होतात. 40 मुलांच्या एका वर्गाची 16,000. यात वाढदिवसाला वाटल्या जाणाऱ्या चॉकलेटचे कागद धरलेले नाहीत.

दुधाची पिशवी भंगारात जाते, वेफर्सचं पाकीट का नाही?

दुधाची पिशवी मुख्यतः एकाच प्रकारच्या प्लास्टिकची असते. ती धुऊन ठेवली तर भंगारवाला घेतो, कारण ती वितळवून पुन्हा वापरता येते. वेफर्सच्या पाकिटाचं तसं नाही. आतून चंदेरी दिसणाऱ्या त्या पाकिटात प्लास्टिकचे वेगवेगळे थर आणि धातूचा अगदी पातळ लेप एकमेकांना चिकटवलेले असतात. हवा आणि ओल आत जाऊ नये म्हणून ही रचना असते, पण हे थर पुन्हा वेगळे करणं परवडत नाही. त्यात पाकिटाचं वजन नगण्य. त्यामुळे कचरावेचकही ते सहसा उचलत नाहीत. मग ते डम्पिंग ग्राउंडवर पडतं, गटारात अडकतं किंवा पालापाचोळ्याबरोबर जाळलं जातं. काही शहरांतून असा कचरा सिमेंटच्या भट्ट्यांत इंधन म्हणून पाठवतात.

प्लास्टिकबंदी असताना हे कसं चालतं, असा प्रश्न पडू शकतो. महाराष्ट्रात 2018 पासून आणि देशभरात 1 जुलै 2022 पासून एकदाच वापरून फेकायच्या अनेक वस्तूंवर बंदी आहे. प्लास्टिकचे चमचे, ताटल्या, ग्लास आणि स्ट्रॉ त्यात येतात. म्हणूनच ज्यूसच्या खोक्याला आता कागदी स्ट्रॉ दिसतो. मात्र बिस्किटं-वेफर्सची पाकिटं देशभरातल्या त्या यादीत नाहीत. म्हणजे कायद्याने चमचा गेला, पाकीट राहिलं.

पाकिटाऐवजी द्यायचं काय?

इथे फार कल्पकता लागत नाही. राजगिऱ्याचा लाडू, चिक्की, फुटाणे, खजूर, रात्रीच करून ठेवलेल्या तिखटमिठाच्या पुऱ्या. केळ्याला तर डबीही लागत नाही. अट एकच, हे सुटं आणायचं. प्रत्येक वडी वेगळ्या प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली चिक्की घेतली तर पाकिटाच्या जागी पाकीटच आलं. वाण्याकडे स्वतःचा डबा नेला तर तो सहसा नाही म्हणत नाही. बिस्किटं पूर्ण बंद करणं जमत नसेल तर पाच-पाच रुपयांच्या पुड्यांऐवजी एक मोठा पुडा आणून त्यातली चार बिस्किटं डबीत द्यावीत. अनेक छोट्या पुड्यांच्या जागी एकच वेष्टन कचऱ्यात जातं.

पोळी कशात गुंडाळायची?

पातळ प्लास्टिकला पर्याय म्हणून अनेक घरांत फॉइल आलं आहे. पण तेलाने माखलेलं, चुरगळलेलं फॉइलही शेवटी कचऱ्यातच जातं. शिवाय आंबट आणि खारट पदार्थांमुळे ॲल्युमिनियम अन्नात उतरण्याचं प्रमाण वाढतं. लिंबू पिळलेले पोहे, टोमॅटोची चटणी, लोणचं फॉइलमध्ये न दिलेलंच बरं. वर्तमानपत्राचा कागद त्याहून वाईट, कारण छपाईची शाई अन्नाला लागते. अन्न बांधायला तो वापरण्यास अन्नसुरक्षेच्या नियमांत मनाई आहे.

जुना मऊ सुती रुमाल हे सगळ्यात सोपं उत्तर. कापड वाफ शोषून घेतं, त्यामुळे पोळीला घाम सुटत नाही. दोन-तीन रुमाल असले की रोज धुतलेला देता येतो.

स्टील की प्लास्टिक?

नवीन घ्यायचा असेल तर स्टील. मात्र घरात चांगले प्लास्टिकचे डबे असतील तर ‘प्लास्टिक-फ्री’ होण्याच्या उत्साहात ते फेकून देऊ नयेत. तो कचराच झाला. डब्याच्या तळाशी त्रिकोणात 5 आकडा असेल तर तो पॉलिप्रॉपिलीनचा, म्हणजे त्यातल्या त्यात उष्णता सोसणारा. कोरडा आणि गार खाऊ त्यात खुशाल द्यावा. ओरखडे पडलेले, वास धरलेले डबे मात्र बटणं-खडूंसाठी ठेवावेत. ‘बांबू फायबर’ नावाने विकल्या जाणाऱ्या डब्यांबाबत सावध राहावं. त्यातल्या अनेकांमध्ये बांबूची भुकटी मेलामाइन या प्लास्टिकमध्ये मिसळलेली असते आणि गरम पदार्थांसाठी ते योग्य नाहीत.

स्टीलची खरी अडचण वजनाची आहे. 2020 च्या राष्ट्रीय धोरणानुसार दप्तर मुलाच्या वजनाच्या 10 टक्क्यांपेक्षा जड नसावं. 20 किलोच्या मुलासाठी ही मर्यादा 2 किलो होते. एक लिटरच्या बाटलीत नुसतं पाणीच एक किलोचं, मग वह्या-पुस्तकांना उरलं काय? म्हणून दुहेरी भिंतीच्या जाड थर्मास बाटलीऐवजी साधी, अर्ध्या लिटरची बाटली बरी. ती शाळेत पुन्हा भरता येते. पिण्याचं सुरक्षित पाणी देणं कायद्याने शाळेवर बंधनकारक आहे.

दुसरी अडचण गळतीची. भाजीचं तेल दप्तरात उतरू नये म्हणून डब्याभोवती प्लास्टिकची पिशवी बांधली जाते आणि तिथेही रोज एक पिशवी खर्ची पडते. रस्सा थोडा घट्ट ठेवणं आणि भाजीसाठी सिलिकॉनची रिंग असलेली छोटी डबी वापरणं, एवढ्याने बरंच भागतं. ती रिंग आठवड्यातून एकदा तरी काढून धुवावी, नाहीतर खाचेत काळी बुरशी धरते. ती सैल झाली तर आधी सुटी रिंग मिळते का ते पाहावं, त्यासाठी सगळा डबा बदलायची गरज नसते.

आणि पहिली-दुसरीतल्या मुलांसाठी डबा घेताना तो दुकानातच मुलाच्या हातात द्यावा. घट्ट क्लिपचं झाकण त्याला उघडलं नाही तर डबा भरलेला परत येतो, आणि दुसऱ्या दिवशी घरातले पुन्हा बिस्किटाचा पुडा देऊ लागतात.