कॅव्हान्साइट

खनिज. स्फटिक समचतुर्भुजी; बहुधा सुईसारख्या स्फटिकांचे अरीय झुबके, गोलक वा पुष्पाकार पुंज. पाटन एका दिशेत चांगले. कठिनता ३–४. वि. गु. सु. २.३. चमक काचेसारखी. रंग गडद ते हिरवट निळा. कस निळसर पांढरा. रा. सं. कॅल्शियम व व्हॅनेडियम यांचे जलयुक्त सिलिकेट, नावही त्यावरूनच. अमेरिकेतील ओरेगन राज्यात ओवायही धरणाजवळ १९६७ मध्ये प्रथम आढळले. वर्णन १९७३ मध्ये प्रसिद्ध झाले.

क्षेत्रीय ओळख : संग्राहक रंगावर विसंबतात, आणि हा निळा रंग खरोखरच सहसा फसवत नाही. तथापि पुराव्याचा क्रम उलटा हवा : आधी खडक, मग सोबतची खनिजे, रंग शेवटी. पुणे-नगर रस्त्यावरील वाघोलीच्या दगडखाणींतून १९८० च्या दशकाअखेरीपासून याचे जगातील सर्वोत्तम नमुने मिळाले. तेथे ते बेसाल्टाच्या पोकळ्यांत व भेगांत स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट आणि कॅल्साइट यांच्यावर बसलेले असते. ॲझुराइट हे तांब्याचे निळे खनिज मुख्यतः तांब्याच्या धातुकांच्या विदारणातून बनते. झिओलाइटांच्या या सोबतीत त्याची अपेक्षा नसते. अम्लाने फसफसते ते ॲझुराइट, ही नेहमीची कसोटी इथे जपून वापरावी : फसफस बहुतेक वेळा खालच्या कॅल्साइटाची असते, शिवाय नमुना बिघडतो तो वेगळाच. विशिष्ट गुरुत्वातील फरक मोठा असला (ॲझुराइट सु. ३.८), तरी मातृखडकाला चिकटलेल्या लहानशा गोलकाच्या बाबतीत हाताला तो जाणवत नाही.

यावर आक्षेप असा, की स्थानावरून ओळखणे म्हणजे जे सिद्ध करायचे तेच गृहीत धरणे. खाणीत उभे राहून पाहणाऱ्याच्या बाबतीत तो लागू पडत नाही, कारण तेथे स्थान हाच पुरावा असतो. विक्रीच्या टेबलावरील नमुन्याच्या बाबतीत मात्र तो रास्त आहे. सुटा निळा गोलक स्टिल्बाइटावर गोंदाने बसवलेला असू शकतो. अशा वेळी भिंगाखाली गोलकाचा तळ पाहावा. सुयांच्या बुडाशी झिओलाइटाचे स्फटिक त्यांच्यात गुंतून वाढले असतील, तर जोड नैसर्गिक मानण्यास आधार मिळतो; तेथे चकचकीत, आकारहीन थर दिसला तर शंका घ्यावी. कित्येक गोंद अतिनील प्रकाशात चमकतात.

खरी अडचण पेंटागोनाइटाची. रासायनिक संघटन तेच, रंग तोच, स्फटिकसंहतीही तीच. फरक अंतर्गत रचनेत आहे. म्हणून रासायनिक विश्लेषण कितीही काटेकोर असले तरी येथे निरुपयोगी ठरते. पेंटागोनाइटाचे स्फटिक पुनःपुन्हा जुळे होऊन पाच टोकांच्या ताऱ्यासारखा छेद दाखवतात. तो दिसल्यास निर्णय करता येतो. सुटे, भाल्यासारखे स्फटिक पेंटागोनाइट आणि गोलक कॅव्हान्साइट, ही बाजारातील वाटणी सोयीची असली तरी निर्णायक नाही, कारण अरीय पुंज दोहोंचेही होतात. तारा न दिसल्यास प्रकाशीय चिन्ह (कॅव्हान्साइट धन, पेंटागोनाइट ऋण) किंवा क्ष-किरण विवर्तन यांचाच आधार उरतो, व तोपर्यंत चिठ्ठीवर दोन्ही नावे लिहिणे योग्य.

उत्पत्ती : झिओलाइटांनंतरची, उष्ण जलीय विद्रावांतून. व्हॅनेडियमाच्या उगमाविषयी निश्चित विधान करता येत नाही. पुण्याकडील हिरव्या ॲपोफिलाइटाचा रंगही त्याच मूलद्रव्याच्या लेशामुळे आहे, हे मात्र लक्षणीय.

इतर स्थाने : ओरेगनमधील गोबल, ब्राझीलमधील रिओ ग्रांदे दो सुल.

उपयोग : संग्रहाखेरीज नाही.