आदर्श वायूची गृहीतके : शिरूर-दौंड रस्त्यावरचे भाष्य

वायूंच्या गत्यात्मक सिद्धांताची गृहीतके बारावीच्या मुलांना तोंडपाठ असतात. पण त्यातले कोणते नेमके काय काम करते, हे क्वचितच कोणी विचारते. एकेक ओळ घेऊन ते पाहू.

रेणूंमधल्या अंतराच्या मानाने रेणू फार लहान असतात.

चौफुल्यावरच्या पंक्चरच्या दुकानातल्या हवेत शेजारच्या दोन रेणूंमधले अंतर सरासरी रेणूच्या व्यासाच्या नऊ-दहा पट असते. रेणूंनी स्वतः अडवलेली जागा हजारात एक भागही भरत नाही. कॉम्प्रेसरने एवढी हवा टायरात कोंबता येते ती यामुळेच.

रेणू सर्व दिशांना सरळ रेषेत धावतात. टक्कर झाली की दिशा बदलते.

27 अंशांना नायट्रोजनच्या रेणूचा वेग सेकंदाला 500 मीटरच्या आसपास असतो. मग दौंड तालुक्यातल्या गुऱ्हाळावर कढईत रस उकळू लागला की त्याचा वास दोन सेकंदांत किलोमीटरभर का पोचत नाही? 1858 साली बाइस बॅलट या डच हवामानशास्त्रज्ञाने साधारण हीच शंका काढली होती आणि ती रास्त होती. जर्मन भौतिकशास्त्रज्ञ क्लाउसियसने त्याच वर्षी उत्तर दिले. रेणू मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाइतकेही सरळ जात नाही तोच दुसऱ्यावर आदळतो. सेकंदाला अशा काही अब्ज टकरा होतात. वेग प्रचंड, पण पुढे सरकणे अगदी थोडे. वास लांबवर नेतो तो वारा. एका आक्षेपातून ‘सरासरी मुक्त पथ’ ही कल्पना जन्मली, म्हणून मला ही ओळ सगळ्यांत मोलाची वाटते.

टकरीत एकूण गतिज ऊर्जा घटत नाही.

घटत असती, तर रात्रभर उभ्या गाडीचे टायर एकही भोक नसताना बसले असते.

रेणूंची सरासरी गतिज ऊर्जा निरपेक्ष तापमानाच्या प्रमाणात असते.

हा विचार आपल्या मुंबईत लिहिला गेला होता. ईस्ट इंडिया कंपनीच्या नौदलातल्या विद्यार्थ्यांना शिकवणाऱ्या जॉन जेम्स वॉटरस्टनने 1845 मध्ये आपला निबंध लंडनच्या रॉयल सोसायटीकडे पाठवला. वायूंच्या मिश्रणात जड आणि हलक्या रेणूंची सरासरी ऊर्जा सारखीच असते, हेही त्यात होते. एका परीक्षकाने तो सभेत वाचण्याच्याही लायकीचा नाही असा शेरा मारला. निबंध दप्तरात पडून राहिला; क्लाउसियस आणि मॅक्सवेल यांना ती वाट नव्याने शोधावी लागली. भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅलेने तो बाहेर काढून 1892 मध्ये छापला, तेव्हा वॉटरस्टनला जाऊन नऊ वर्षे झाली होती. हा अन्याय आजही मनाला लागतो.

आता ही ओळ रस्त्यावर आणू. जागा तीच असेल तर रेणूंच्या ऊर्जेबरोबर दाबही त्याच प्रमाणात वाढतो. पहाटे 18 अंशांना शिरूरमध्ये ट्रकच्या टायरात 110 पीएसआय हवा भरली. न्हावरा, चौफुला करत दुपारी दौंड गाठेपर्यंत आतली हवा 58 अंशांवर गेली असे धरू. सेल्सिअसने गुणोत्तर काढले तर दाब तिपटीहून वर जाईल, जे उघडच खोटे आहे. केल्विनमध्ये 291 आणि 331. गेज बाहेरच्या हवेचा दाब धरत नाही, म्हणून इथले 14 मिळवायचे: 124 चे 141 होतात, गेजवर 127. हे पाहून कोणी हवा सोडून काटा पुन्हा 110 वर आणला, तर दुसऱ्या पहाटे गार टायरात जेमतेम 95 उरतील. भरल्या ट्रकखाली असा टायर जास्त दबतो, जास्त तापतो आणि फुटू शकतो.

रेणू एकमेकांना ओढत नाहीत.

ही ओळ स्वयंपाकघरात मोडते. सिलिंडरमधल्या गॅसचे रेणू एकमेकांना इतके ओढतात की दाबाखाली त्याचा द्रव होतो. द्रव शिल्लक असेतो वरचा दाब मुख्यतः तापमानावर ठरतो, किती गॅस उरला त्यावर नाही. म्हणून उरलेला गॅस वजन करूनच कळतो. व्हॅन डर वाल्सने 1873 मध्ये ही ओढ आणि रेणूंचे स्वतःचे आकारमान समीकरणात घेतले. टायरातल्या हवेला मात्र या दुरुस्तीने एक टक्क्याचाही फरक पडत नाही.