इकऱ्याची भिंत आणि आजोळचं माळवद

२८ एप्रिल २०२१. तेव्हा माझं पोस्टिंग आसामातल्या शोणितपूर जिल्ह्यात होतं. सकाळचे आठ वाजायला काही मिनिटं कमी होती. हातातल्या बशीवर कप आपोआप खडखडू लागला, मग खिडक्या, मग अख्खं घर. भूकंप ६.४ रिश्टरचा होता आणि त्याचं केंद्र आमच्याच जिल्ह्यात होतं. मुलीचा हात धरून मी अनवाणी अंगणात आलो. मागून आलेल्या बायकोने एकच प्रश्न विचारला, "गॅस बंद केलास का?"

नव्हता केला. एनडीएत पाऊल ठेवल्यापासून वीसेक वर्षं मी आणीबाणीचे सराव करतोय आणि करवून घेतोय. युनिटमध्ये आगीची, पुराची, भूकंपाची एसओपी भिंतीवर लावलेली असते. माझ्या घरात मात्र टॉर्च कुठे आहे हेही मला ठाऊक नव्हतं.

आमचे माळीकाका फाटक उघडून मोकळ्यावर शांत उभे होते. म्हणाले, "साब, ये घर झूलता है, गिरता नहीं." खरंच, कुडाचा थोडा गिलावा पडला होता, बाकी काही नाही. त्यांच्या स्वतःच्या घरी जमिनीची कागदं प्लास्टिकच्या पिशवीत बांधून छपराच्या बांबूला टांगलेली असतात, हे त्या दिवशी समजलं. ती तयारी पुरासाठी. कुणी शिकवली असं विचारलं, तर ते नुसते हसले.

ही तयारी कुठून आली, त्याचा इतिहास सांगण्यासारखा आहे.

१२ जून १८९७ च्या संध्याकाळी शिलाँगच्या पठाराखाली मोठा भूकंप झाला. आजच्या मोजणीने आठ रिश्टरच्या वरचा. शिलाँग तेव्हा आसाम प्रांताची राजधानी होती. इंग्रजांनी तिथे आपल्या सवयीने दगडी इमारती बांधल्या होत्या. त्या सगळ्या जमीनदोस्त झाल्या. लाकडी, हलकी घरं मात्र बरीच तगली. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे रिचर्ड ओल्डहॅम यांनी या भूकंपाचा सविस्तर अहवाल लिहिला. भूकंपशास्त्रात तो आजही महत्त्वाचा मानला जातो. पण सामान्य माणसाने त्यातून जो धडा घेतला, तो त्याच्या घराच्या भिंतीत दिसतो.

त्यानंतर या भागात 'आसाम टाइप' घर रुजलं. लाकडाचा सांगाडा, खिडकीच्या उंबऱ्यापर्यंत विटा, वर इकरा नावाच्या बोरूसारख्या गवताचा कूड, त्यावर दोन्ही बाजूंनी गिलावा आणि उतरतं पत्र्याचं छप्पर. हे घर वजनाला हलकं असतं आणि जमीन हलली की तिच्याबरोबर डोलतं. कूड पडलाच, तरी माणूस त्याखाली चिरडत नाही. स्थानिक लोक गवत-मातीच्या भिंती आधीपासून बांधतच होते. भूकंपानंतर साहेबानेही ती रीत उचलली आणि सरकारी बंगले, शाळा, चर्च तशीच उभी राहिली.

या धड्याची परीक्षा १५ ऑगस्ट १९५० ला झाली. देश स्वातंत्र्यदिन साजरा करून घरी परतला होता. संध्याकाळी साडेसातनंतर तिबेटच्या सीमेवर ८.६ रिश्टरचा भूकंप झाला. जगात आजवर नोंदल्या गेलेल्या सर्वांत मोठ्या भूकंपांपैकी हा एक. डोंगर कोसळले, नद्या तुंबल्या. काही दिवसांनी सुबनसिरी नदीवर दरडींनी घातलेला बांध फुटला आणि खालची गावं वाहून गेली. भारतात सुमारे दीड हजार माणसं दगावली, त्यातली बरीच या पुरात.

आता मला दुसरी तारीख सांगावी लागेल. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. मी तेरा वर्षांचा होतो. सोलापुरात आम्ही आदल्या रात्री गणपती बोळवून झोपलो होतो. मांडणीवरची भांडी पडली म्हणून जाग आली. आजोळ उमरगा तालुक्यात होतं. दुपारी वडील तिकडे निघाले. आजी माळवदाखाली गेली होती.

किल्लारीचा भूकंप ६.२ रिश्टरचा. १९५० च्या तुलनेत त्याची ऊर्जा हजारो पटींनी कमी. तरी आठ ते दहा हजार माणसं गेली. ही तुलना सरळ नाही, हे मान्य. तो डोंगराळ, विरळ वस्तीत झाला आणि हा भरवस्तीखाली, झोपेच्या वेळी. पण माणसं मेली ती मुख्यतः घरांमुळे. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि वर मातीचं भलं मोठं ओझं.

आजी बेफिकीर नव्हती. पावसाआधी माळवदावर पांढऱ्या मातीचा थर तिने कधी चुकवला नाही. जाड भिंत उन्हाळ्यासाठी, मातीचं छत गळतीसाठी. तिच्या आजीने पाहिलेल्या प्रत्येक संकटाची तयारी तिच्या घरात होती. भूकंप मात्र कुणाच्या आठवणीत नव्हता. सरकारी नकाशाही किल्लारीला सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात दाखवत होता. १९९२ मध्ये धक्के बसले होते. लोक घाबरले आणि मग सरावले.

घर तयारी करतं ते आठवणीच्या जोरावर, आणि आठवण दोन-तीन पिढ्यांत विझते. आज गुवाहाटीत आणि शिलाँगमध्ये आसाम टाइप घरं पाडून काँक्रीटचे मजले चढताहेत. काँक्रीट वाईट नाही. नियमाप्रमाणे बांधलं तर तेही तगतं. पण १९५० पाहिलेली माणसं आता थोडीच उरलीत, आणि बिल्डरला टोकणारी आजी घरोघरी राहिलेली नाही.

त्या सकाळनंतर आम्ही घरात तीन गोष्टी केल्या. पलंगाच्या डोक्याशी असलेलं जड कपाट हलवून भिंतीला आवळलं. दाराजवळ टॉर्च, औषधं, पाणी आणि कागदपत्रांची पिशवी टांगली. आणि गॅसचा कॉक बंद करणं हे मुलीचं काम ठरवलं. धक्का ओसरला आणि वाट मोकळी असली तरच, हे तिला बजावून. महिन्यातून एकदा मी न सांगता ओरडतो, "भूकंप!" ती आधी टेबलाखाली जाते. मी अजूनही चप्पल शोधतो.

पोस्टिंगं बदलली, ती पिशवी प्रत्येक घरात आमच्याबरोबर येते. तुमच्या घरात ती कुठे आहे, हे आज रात्री जेवताना एकदा विचारून बघा.

जय हिंद!