वाटाड्याचा वाटा

मालवणच्या माणसाला डोंगर तसा परकाच. त्याचे तोंड जन्मभर पश्चिमेकडे. कोणती होडी परतली आणि कोणता वारा सुटला, इकडे त्याचे लक्ष. पाठीमागे सह्याद्री उभा आहे याची आठवण त्याला व्हायची ती मृगाच्या तोंडावर, ढग घाटमाथ्याला टेकले की नाही हे पाहताना. म्हणून काही वर्षांपूर्वी आमच्या कामगार मंडळींनी डिसेंबरातल्या एका रविवारी मनोहरगड चढायचे ठरवले, तेव्हा घरोघरी आम्हांस वेड्यात काढले गेले. "दर्यो आटलो काय रे?" असे एका म्हातारीने विचारले.

आम्ही बावीस जण होतो. मालवणहून कुडाळ, कुडाळहून दुकानवाड, आणि पुढे गडाच्या पायथ्याचे शिवापूर. तेथे वाडीतले एक साठीच्या पुढचे गृहस्थ वाट दाखवायला तयार झाले. त्यांनी आठशे रुपये सांगितले. आमच्यातल्या दोघांनी घासाघीस सुरू केली आणि सहाशेवर आणले. त्या सहाशेत त्यांनी वाट दाखवायची, पाण्याचा एक कॅन आणि भाताचा टोप डोक्यावर घ्यायचा, असेही ठरले. हे दोघे आमचे चांगले कार्यकर्ते. त्याच महिन्यात त्यांनी मालकाशी मजुरीवाढीची बोलणी केली होती आणि मालक एकेका रुपयासाठी कसा अडून बसतो याचे वर्णन आम्हांस केले होते. आम्ही त्या वेळी काही बोललो नाही. जवळ उभे राहून ऐकत होतो, आणि खरे सांगायचे तर दोनशे रुपये वाचले याचे बरेच वाटले.

चढ सुरू झाल्यावर तासाभरात आमची फळी फुटली. तरणे पुढे पळाले, आमच्यासारखे मागे राहिले. वाटाड्या मधेच थांबे, दोन्ही टोकांकडे पाही आणि म्हणे, "भाऊनू, घाई करू नकात. डोंगर खंय पळान जाणा नाय." त्यांच्या डोक्यावर टोप होता, पायात साधी रबरी चप्पल होती आणि दम लागलेला नव्हता. पुढे एका ठिकाणी कारवीत वाट दुभंगली. तरण्यांनी रुंद वाट धरली होती. ती गुरांची निघाली आणि कड्यावर जाऊन संपली. यांनी हाका घालून त्यांना परत आणले. एवढ्यावरून एखादा जीव वाचला असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. पण नसताच वाचला असेही आमच्याने म्हणवत नाही.

मनोहर आणि मनसंतोष हे दोन जुळे गड, मधे दरी. आग्र्याहून सुटून आल्यावर १६६७ साली शिवाजीमहाराज महिनाभर मनोहरगडावर राहिले असे सांगतात. परंतु आम्हांस या गडाचे आकर्षण होते ते दुसऱ्या कारणाने. १८४४ साली कोल्हापूर संस्थानात गडकऱ्यांनी बंड केले. गडकरी म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या गडाची राखण करणारी माणसे. त्याबद्दल गडाखालच्या जमिनी त्यांच्याकडे चालत आलेल्या. कंपनी सरकारच्या तंत्राने चालणाऱ्या नव्या कारभाऱ्यांनी त्या जमिनी मामलेदारांच्या ताब्यात घेण्याचा हुकूम काढला. सामानगड आणि भुदरगडच्या गडकऱ्यांनी दरवाजे लावून घेतले. इतिहासकार त्यास बंड म्हणतात. आमच्या धंद्याच्या दृष्टीने पाहिले तर नोकरीच्या अटी एकतर्फी बदलल्यामुळे कामगारांनी जागा अडवून धरली, असेच त्याचे वर्णन करावे लागेल. ऑक्टोबरात सामानगड पडला, डिसेंबरच्या आरंभी पन्हाळा गेला, आणि ती आग घाट उतरून सावंतवाडीत आली. फोंड सावंत तांबुळकर आणि त्यांचे साथीदार मनोहर-मनसंतोषच्या आश्रयाने लढले. कर्नल औट्रम याने फौज घेऊन हे रान पिंजून काढले. जानेवारी १८४५ च्या अखेरीस गड पडला, आणि आतली माणसे रातोरात निसटून पोर्तुगीजांच्या गोव्यात गेली.

गडावर बसून आम्ही ही हकीकत मंडळींना सांगत होतो. वाटाड्या भाताच्या चुलीला लाकडे सारत होते. ते मधेच म्हणाले, "पण रात्रीचे ते खाली उतरले कशे? त्येंका कोणीतरी वाट दाखवली आसतली." आम्ही गप्प झालो. औट्रमचे नाव आम्हांस ठाऊक होते, फोंड सावंताचे ठाऊक होते. अंधारात या कड्यावरून कोणी उतरवले, हा प्रश्न इतकी पुस्तके वाचून आमच्या मनात आला नव्हता.

त्या दिवसापासून डोंगर चढण्याचा इतिहास वाचताना आम्ही वाटाड्या आणि हमाल शोधू लागलो. आमचे शिक्षण शाळेत फारसे झाले नाही. वाचनालयाच्या कपाटातून जे हाती आले त्यावर आमची मदार. परंतु हिमालयाची पुस्तके या नजरेने वाचली की त्यांतून एक निराळेच पुस्तक बाहेर पडते.

जगातील सर्वांत उंच शिखराच्या नावापासूनच सुरुवात होते. त्याची उंची काढण्याच्या गणितात राधानाथ सिकदार या बंगाली गृहस्थाचा मोठा भाग. नाव पडले ते सर्व्हे खात्याच्या निवृत्त साहेबाचे, एव्हरेस्टचे. शिखराला चोमोलुंग्मा हे तिबेटी नाव आधीपासून होतेच. इंग्रजांनी १९२२ साली त्यावर पहिली मोठी चढाई केली. ७ जून रोजी बर्फाचा लोंढा कोसळला आणि सात जण मेले. सातही हमाल. वरचे तिन्ही साहेब वाचले. त्यांच्यापैकी सॉमरव्हेल या डॉक्टराच्या मनाला हे फार लागले. आपल्यापैकीही एखादा त्यांच्याबरोबर गेला असता तर बरे झाले असते, अशा अर्थाचे त्याने पुढे लिहून ठेवले आहे. हा गृहस्थ नंतर त्रावणकोरात नेय्यूर येथे राहून गोरगरिबांवर शस्त्रक्रिया करीत राहिला. साहेब सगळे एका माळेचे मणी, असे आम्ही तरुणपणी सभेत बोलत असू. ते मागे घ्यायला हरकत नाही.

१९३४ साली नंगा पर्वतावर वादळात तीन जर्मन आणि सहा शेर्पा गेले. त्यांतला गेले नावाचा शेर्पा खाली उतरू शकला असता असे म्हणतात. पण मेर्कल या आपल्या पुढाऱ्याला सोडून तो उतरला नाही. १९३९ साली के-टू शिखरावर एक अमेरिकन वरच्या तंबूत एकटा अडकला. त्याला आणायला पासांग किकुली, पासांग किटार आणि फिन्सू हे तिघे वर गेले आणि परत आले नाहीत. मजुरीचा करार कोठे संपतो आणि माणुसकी कोठे सुरू होते, याची रेघ कोणत्याही करारनाम्यात आखता येत नाही. पण ही रेघ नेहमी मजुरानेच का ओलांडायची, हा प्रश्न उरतोच.

आता १९५३. एव्हरेस्टवर माणसाचे पाऊल पडले ते २९ मे रोजी. एडमंड हिलरी आणि तेन्झिंग नोर्गे यांचे. हे शाळेतल्या मुलालाही ठाऊक आहे. पण त्या दोघांच्या मागे साडेतीनशेहून अधिक हमालांची रांग काठमांडूपासून सामान वाहत आली होती. तेन्झिंग स्वतः त्याच रांगेतून वर आलेला. १९३५ साली तो साधा हमाल म्हणून निघाला. १९५३ मध्ये तो मोहिमेचा सरदार होता. आपल्या भाषेत मुकादम. त्याचबरोबर शिखरावर जाणाऱ्यांतही त्याला गणले होते. मुकादमाची गोची आम्ही जवळून पाहिली आहे. वरचे म्हणतात हा माणसांचा, माणसे म्हणतात हा वरच्यांचा. काठमांडूत नेमके हेच झाले. इंग्रज वकिलातीत साहेबांना खोल्या मिळाल्या, शेर्पांना मोटारी ठेवायची जागा, जी पूर्वी घोड्यांचा तबेला होती. तेथे शौचकूपही नव्हता. शेर्पांनी दुसऱ्या दिवशी सकाळी समोरच्या रस्त्यावरच लघवी करून आपला निषेध नोंदवला. आमच्या चळवळीत निषेधाचे पुष्कळ प्रकार झाले. हा मात्र पत्रकात छापण्याजोगा नाही. तेन्झिंगने दोन्ही बाजूंची समजूत घालीत माणसे वर नेली.

खाली आल्यावर जगाने एकच विचारले : आधी कोण? राजकारण्यांना, वर्तमानपत्रांना हेच हवे होते. दोघांनी मिळून लिहून दिले की आम्ही जवळजवळ एकदमच पोचलो. दोन वर्षांनी आपल्या आत्मचरित्रात तेन्झिंगने सरळ सांगून टाकले, हिलरीचे पाऊल आधी पडले. आम्हांस हा माणूस शिखरापेक्षा येथे उंच वाटतो. इंग्लंडने हंट आणि हिलरी यांना 'सर' केले, तेन्झिंगला जॉर्ज पदक दिले. भारताने दार्जिलिंगला ४ नोव्हेंबर १९५४ रोजी गिर्यारोहण संस्था उभारली आणि तेथे शिकवायला तेन्झिंगला नेमले, हे योग्यच झाले. शिखरावरचे जे छायाचित्र जगभर गेले त्यात तेन्झिंगच आहे. कॅमेरा हिलरीच्या हाती होता.

महाराष्ट्रातला पहिला माणूस एव्हरेस्टवर पोचला तो १९९८ साली, सुरेंद्र चव्हाण. २०१२ च्या मे महिन्यात पुण्याच्या गिरिप्रेमी संस्थेचे आठ जण उमेश झिरपे यांच्या नेतृत्वाखाली निघालेल्या मोहिमेत शिखरावर गेले. आम्हांलाही अभिमान वाटला. कामगार कार्यालयाच्या फळ्यावर आम्ही ती बातमी खडूने लिहिली होती. आठही नावे लिहिली. शेर्पांची लिहिली नाहीत. ती शोधण्याचे आमच्या मनातही आले नाही.

दोन वर्षांनी, १८ एप्रिल २०१४ रोजी सकाळी, खुंबूच्या हिमप्रपातावर वरून बर्फाचा प्रचंड कडा तुटला. सोळा जण मेले. सोळाही नेपाळचे कामगार. हौशी गिर्यारोहक हा प्रपात मोजक्या वेळा ओलांडतो. शिड्या, दोर, तंबू, प्राणवायूच्या नळ्या वर पोचवणारा कामगार कितीतरी जास्त वेळा. म्हणजे धोका मोजायचा तर तो माणसागणिक मोजून चालत नाही, खेपांगणिक मोजावा लागतो. गिरणीत, गोदीत, खाणीत आम्ही हेच सांगत आलो. नेपाळ सरकारने प्रत्येक घराला ४०,००० नेपाळी रुपये जाहीर केले. शेर्पांनी ते नाकारले, तळावर सभा घेतली, तेरा मागण्या लिहिल्या आणि त्या वर्षी दक्षिणेकडून शिखर चढायचे नाही असे ठरवले. मोहिमा गुंडाळल्या गेल्या. विम्याची किमान रक्कम दहा लाखांवरून पंधरा लाख नेपाळी रुपये झाली. जगातल्या सर्वांत उंच जागी झालेला हा संप. त्याला कोणी संप म्हटले, कोणी शोक म्हटला. आमच्या मते दोन्ही एकच होते, कारण मेलेल्यांच्या जागी उद्या उभे राहायचे ते त्यांच्याच भावांनी.

आपल्याकडे ओझे वाहणाऱ्याला कायद्याने प्रथम ओळखले ते १९६९ साली, माथाडी कायद्याने. अण्णासाहेब पाटलांसारख्यांनी त्यासाठी मुंबईच्या बाजारपेठा हलवल्या. त्या कायद्याने हमालाला पुष्कळ दिले, पण आमच्या मते पहिली गोष्ट दिली ती नोंदवहीतले नाव. गडाच्या वाटाड्यांची अशी नोंदवही आम्ही कोठे पाहिली नाही.

खरे म्हणजे मालवणच्या माणसाला हे कोणी शिकवावे असे नाही. आपल्या किनाऱ्यावर रापण ओढतात. होडीचा वाटा, जाळ्याचा वाटा, आणि दोर ओढणाऱ्या प्रत्येक माणसाचा वाटा. त्यात मालकाचे माप मोठे असते, भांडणेही होतात. पण पोरगासोरगासुद्धा वाळूत उभा राहून आपला वाटा मागू शकतो, आणि तू कोण असे त्याला विचारत नाहीत, कारण दोराला त्याचा हात लागलेला सर्वांनी पाहिलेला असतो. डोंगरात दोर आहे, ओढणारे आहेत. वाटे मात्र खाली येऊन, अंधारात, एकट्याशी ठरतात. आम्ही शिवापुरात ठरवले तसेच.

त्या रविवारी उतरल्यावर आमच्या मंडळींनी गडावर घेतलेले छायाचित्र पाहिले. एकवीस जण होते. बाविसावा एक खाली ओढ्याशी राहिला होता. वाटाड्या त्यात नव्हते. मोबाईल त्यांच्या हाती देऊन आम्ही ओळीने उभे राहिलो होतो.

पुढच्या मासिक सभेत आम्ही ठराव मांडला की सहलीच्या वर्गणीत वाटाड्याची मजुरी आधी धरावी, ती त्याने सांगितलेली असावी, ओझ्याचे पैसे निराळे द्यावेत, आणि सहलीच्या टिपणात त्याचे नाव लिहावे. चर्चा झाली. घासाघीस करणाऱ्या दोघांपैकी एकाने अनुमोदन दिले. दुसऱ्याने विरोधात हात वर केला आणि कारणही सांगितले : एकदा दर चढला की दर वर्षी चढेल. अगदी हेच वाक्य त्याच्या मालकाने त्याला ऐकवले होते, हे सभेतल्या कोणीतरी मागून ओरडून सांगितले. ठराव एका मताच्या विरोधाने मंजूर झाला, आणि शिवापूरला दोनशे रुपये कोणी नेऊन द्यायचे, यावर सभा आणखी पाऊण तास चालली.