जीप तीच, इंजिन दुसरं

धुळ्यात दोन मोठे रस्ते एकमेकांना छेदतात. एक मुंबईहून आग्र्याकडे जातो, दुसरा सुरतेहून नागपूरमार्गे कोलकात्याकडे. जुन्या क्रमवारीत ते तीन आणि सहा नंबरचे महामार्ग होते. सहा नंबरनं पूर्वेला निघालं की पारोळा, एरंडोल करत जळगाव लागतं आणि पुढे भुसावळ. खान्देशाची जमीन काळी आणि सपाट, पण तिथून बाहेर पडायचं तर बहुतेक बाजूंना चढ आहे. इंदूरच्या वाटेवर बिजासनीचा घाट, सुरतेच्या वाटेवर कोंडाईबारी, नाशिककडे लळिंग आणि चाळीसगावातून वर चढायला कन्नडचा घाट. या रस्त्यांवर एक काळ अशा कितीतरी जीपगाड्या धावल्या, ज्यांचं बॉनेट उघडलं तर आत कारखान्यानं बसवलेलं इंजिन नसायचंच. पेट्रोलची जीप डिझेलवर आणणं हा तेव्हा रीतसर धंदा होता. तो शहरी हौसेतून आलेला नव्हता. त्याची सुरुवात शेतातल्या विहिरीवर झाली होती.

स्वातंत्र्यानंतरची पहिली तीन दशकं मोटार म्हणजे पेट्रोल, हे ठरलेलंच होतं. महिंद्रांनी मुंबईत विलीज जीप जोडायला सुरुवात केली ती चाळीसच्या दशकाच्या अखेरीस. पुढे इथेच तयार होऊ लागलेल्या सीजे-३बी जीपमध्ये ‘हरिकेन’ नावाचं २.२ लिटरचं पेट्रोल इंजिन असे. अँबॅसडर १४८९ सीसीची, फिएट त्याहून लहान, दोन्ही पेट्रोलवरच्या. याशिवाय लष्कराच्या लिलावातल्या मोडीत काढलेल्या गाड्या. खान्देशात जीप घेणारा माणूस बहुधा केळीचा किंवा कापसाचा व्यापारी, ठेकेदार, मोठा बागायतदार, नाहीतर खेड्यापाड्यांत फिरणारा डॉक्टर. त्याला पावसाळ्यातल्या चिखलातून जाणारी गाडी हवी असे, आणि ते काम जीपइतकं दुसरं कोणी करत नसे. पण लिटरमागे सात-आठ किलोमीटरच्या पुढे ती जात नसे.

डिझेल मात्र खान्देशाला मोटारीच्या आधीपासून ठाऊक होतं. वीज पोचण्यापूर्वी विहिरीवर मोटेची जागा घेतली ती ऑइल इंजिननं. पिठाच्या गिरण्या, तेलाच्या घाण्या, कापसाचे जिन, सगळीकडे त्याचाच ठोका. किर्लोस्करांची ऑइल इंजिन कंपनी १९४६ साली पुण्याजवळ खडकीला उभी राहिली आणि तिची इंजिनं महाराष्ट्रभर गेली. गुजरातेतून राजकोटची जड, संथ फिरणारी लिस्टर पद्धतीची इंजिनं येत. जळगावात भवरलाल जैन यांनी १९६३ साली सात हजार रुपयांच्या भांडवलावर धंदा सुरू केला तो रॉकेलविक्रीचा. त्यांच्या व्यवसायाची वाट तिथून शेतीच्या साहित्याकडे वळली, हे त्या काळाला धरूनच झालं. गावोगावी तेलाची पिंपं होती, आणि त्या तेलावर चालणाऱ्या यंत्राची नाडी ओळखणारे मिस्तरी होते. नोजल काढून त्याचा फवारा नुसत्या डोळ्यांनी तपासणं, पंपाचं टायमिंग लावणं, धूर काळा की पांढरा की निळा यावरून बिघाड सांगणं, ही विद्या त्यांनी मोटारीच्या गॅरेजात मिळवलेली नव्हती. ती विहिरीच्या थारोळ्यावर मिळवलेली होती.

मग ट्रॅक्टर आला, आणि शेतातलं डिझेल रस्त्यावर यायला वाट झाली.

महिंद्रा, व्होल्टास आणि अमेरिकेची इंटरनॅशनल हार्वेस्टर यांनी मिळून १९६३ साली ट्रॅक्टरची कंपनी काढली. तिचा बी-२७५ हा ट्रॅक्टर देशभर गेला. सत्तरच्या दशकात महिंद्रांनी जीपसाठी डिझेल इंजिन आणलं, तेव्हा या ट्रॅक्टरच्याच इंजिनाचा आधार घेतला. शहरातल्या मेकॅनिकला डिझेल जीप नवलाची वाटली असेल, पण ट्रॅक्टर बांधणाऱ्या मिस्तरीला बॉनेटखाली ओळखीचाच चेहरा दिसला. जीपचं इंजिन बदलता येतं, ही गोष्ट जणू कंपनीनंच त्याला दाखवून दिली.

इंजिन बदलण्यामागचं कारण होतं पैशाचं. ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब देशांनी तेल रोखलं आणि काही महिन्यांतच कच्चं तेल पिंपाला तीन डॉलरवरून बारा डॉलरच्या आसपास गेलं. भारत सरकारनं पेट्रोल महाग होऊ दिलं, कारण ते श्रीमंतांचं इंधन मानलं जाई. डिझेल मात्र ट्रक, एसटी आणि शेतकऱ्याचं, म्हणून ते जपलं. दोन्हींच्या दरातली ही दरी पुढची चाळीस वर्षं टिकली. पेट्रोलची जीप दारात उभी असलेल्या माणसासमोर मग दोनच वाटा होत्या. ती मातीमोल भावानं विकायची, किंवा तिचं पोट बदलायचं. डिझेल इंजिनवर तीच जीप लिटरमागे बारा-तेरा किलोमीटर धावे, तेही स्वस्त तेलावर. रोज दीडशे किलोमीटर चालणाऱ्या गाडीचा बदलाचा खर्च लवकरच भरून निघे.

काम मात्र सोपं नव्हतं, आणि या मिस्तरींच्या कारागिरीला पुरेशी दाद कधी मिळालीच नाही, असं म्हणावं लागतं. नवं इंजिन जुन्या गिअरबॉक्सला जोडायचं तर दोन्हींच्या मधे लोखंडी प्लेट लागते. तिची भोकं केसभर जरी चुकली तरी क्लचचा शाफ्ट वाकडा चालतो आणि बेअरिंग खातो. म्हणून पहिला मुक्काम लेथवाल्याकडे. मग चेसिसवर नवे माउंटिंग वेल्ड करायचे. डिझेल इंजिन जड आणि धक्के मारणारं. रबर बरोबर नसलं तर महिन्या-दोन महिन्यांत बॉडीचे बोल्ट ढिले आणि पत्र्याला चिरा. पुढचा भार वाढला की पाट्यात एक पान जास्तीचं घालावं लागे. पेट्रोलपेक्षा कितीतरी जास्त दाबाविरुद्ध इंजिन फिरवायचं म्हणून स्टार्टर मोठा, बॅटरीही मोठी. रेडिएटरची जागा पुढे सरकवायची. ब्रेकला बूस्टर असेल तर आणखी एक अडचण येई. पेट्रोल इंजिनातून मिळणारी व्हॅक्यूमची ओढ डिझेलमध्ये मिळत नाही, त्यासाठी वेगळा पंप बसवावा लागतो. ज्यांनी हे दुर्लक्षिलं, त्यांना ते घाट उतरताना कळे.

सगळ्यात नाजूक भाग मागच्या अ‍ॅक्सलमध्ये दडलेला असे. सीजे जीपच्या डिफरन्शियलमध्ये आठ दातांचा पिनियन आणि त्रेचाळीस दातांचा क्राउन, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे साडेपाचच्या जवळपास फेरे. भराभर फिरणाऱ्या पेट्रोल इंजिनाला हे प्रमाण ठीक होतं. डिझेल इंजिन कमी फेऱ्यांतच आपली ताकद संपवतं. त्यामुळे इंजिन बदललं आणि क्राउन-पिनियन तसाच ठेवला, तर जीप नांगराला जुंपल्यासारखी ओढत राहायची, पण सपाट रस्त्यावरही पन्नास-साठच्या पुढे गेली की किंचाळायची. जाणता मिस्तरी म्हणून आधीच विचारी, गाडी शेतात चालवायची आहे की महामार्गावर? त्यानुसार तो क्राउन-पिनियन ठेवी किंवा बदली.

इंजिनं कोणती बसत? जुन्या काळात पर्किन्स पी-४. मद्रासच्या सिम्प्सन कंपनीचं हे इंजिन तीन लिटरहून मोठं, पोलादी स्वभावाचं आणि तितकंच वजनदार. मुंबईत जुन्या डॉज आणि इम्पाला गाड्यांतही पर्किन्स इंजिनं बसली, कारण आठ सिलिंडरच्या अमेरिकी इंजिनाला पेट्रोल पाजणं कोणालाच परवडेना. लष्कराच्या लिलावातून सुटलेल्या जोंगालाही हाच उपाय होता. जबलपूरला बनणाऱ्या या गाडीत निसानचं जवळपास चार लिटरचं पेट्रोल इंजिन असे. ते काढून डिझेल बसवल्याशिवाय ती घरच्या खर्चात बसतच नसे.

ऐंशीच्या दशकात दोन नवी नावं आली आणि त्यांनी या धंद्याचं रूपच पालटलं. पहिलं मॅटॅडोर व्हॅनचं इंजिन. पुण्याच्या बजाज टेम्पो कंपनीनं डेमलर-बेन्झकडून ओएम-६१६ हे २.४ लिटरचं इंजिन बनवण्याचा परवाना घेतला. जर्मनीत हेच इंजिन १९७३ पासून मर्सिडीजच्या २४० डी मोटारीत होतं, आणि तिथल्या टॅक्सीवाल्यांनी त्याच्यावर लाखो किलोमीटर काढले होते. इथे ते मॅटॅडोरमध्ये बसलं, पुढे ट्रॅक्समध्ये बसलं. अपघातात मोडलेल्या मॅटॅडोरच्या इंजिनाला म्हणूनच मोठी मागणी असे. दुसरं पूजोचं एक्सडीपी, २११२ सीसीचं. महिंद्रांनी ते फ्रान्सहून आणून इगतपुरीला बनवायला घेतलं आणि १९८५ च्या एमएम-५४० जीपमध्ये घातलं. त्याला मोटारीसारखं नितळ फिरणं ठाऊक होतं. थंडीत सकाळी हीटर लावून थोडं थांबावं लागे, एवढंच.

खान्देशाचं ठिकाणही या धंद्याला अनुकूल पडलं. आग्रा रोडनं खाली गेलं की नाशिकला मायकोचा नोजलचा कारखाना आणि त्यापुढे इगतपुरी. वर घाट चढून गेलं की इंदूरजवळ पीथमपूर, तिथे बजाज टेम्पोचा दुसरा कारखाना. जळगावहून अजिंठ्यामार्गे तेव्हाच्या औरंगाबादला पोचलं की ग्रीव्ह्जची लहान डिझेल इंजिनं. जुनं इंजिन पाहिजे असेल तर मुंबईचं कुर्ला होतंच.

ग्रीव्ह्जच्या इंजिनाची गोष्ट इथे सांगायलाच हवी. इटलीच्या लोंबार्दिनी कंपनीच्या परवान्यावर बनलेलं ३२५ सीसीचं, साडेसहा अश्वशक्तीचं हे इंजिन एन्फील्डनं आपल्या बुलेटमध्ये बसवलं आणि ‘टॉरस’ नावानं विकलं. इंजिनबदल थेट कारखान्यातच झाला, असं हे उदाहरण. ती गाडी सावकाश चाले आणि हात बधिर होईपर्यंत थरथरे. पण लिटरभर डिझेलात ती इतकी लांब जाई की दूधवाले आणि शेतकरी तिच्यावर खूश असत.

अँबॅसडरची डिझेल आवृत्ती १९८० च्या सुमारास आली. १४८९ सीसी, जेमतेम ३७ अश्वशक्ती. पाच माणसं आणि वर सामान घेऊन कन्नडचा घाट चढताना ती दुसऱ्या गिअरमध्ये धापा टाके. तोवर प्रवासी वाहतुकीत जीप आणि ट्रॅक्सच पुढे गेल्या होत्या. एसटी जिथे दिवसातून दोनदा जाते त्या गावांना कालीपिलीनं, म्हणजे काळ्या-पिवळ्या रंगाच्या प्रवासी गाडीनं, बाजाराशी जोडलं, आणि कालीपिलीला डिझेलनं परवडण्याजोगं केलं. चोपडा, यावल, शिरपूर, साक्री या तालुक्यांत आठवडे बाजाराच्या दिवशी मागच्या फळीवर उभी राहून जाणारी माणसं ज्या गाड्यांनी नेली, त्यांतल्या काहींची नोंद पेट्रोलवर आणि चाल डिझेलवर होती, हेही खरं.

नोंदीचा हा प्रश्नच पुढे निर्णायक ठरला. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मुळात बदलाला वाव देणारं होतं. आरटीओला आधी कळवा, मंजुरी घ्या आणि आरसी बुकात नवा इंजिन नंबर आणि इंधन चढवून घ्या. २००० साली हे कलम बदललं. उत्पादकानं ठरवलेल्या तपशिलाशी विसंगत बदल करायचाच नाही, असा नियम आला. सवलत राहिली ती मुख्यतः मान्यताप्राप्त किट लावून सीएनजी, एलपीजी, विजेसारख्या इंधनावर जाण्याची. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हा अर्थ आणखी पक्का केला.

दरानंही पाठ फिरवली. मे २०१२ मध्ये दिल्लीत पेट्रोल ७३ रुपये १८ पैसे आणि डिझेल ४० रुपये ९१ पैसे होतं. ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलचा दर सरकारी नियंत्रणातून सुटला, आणि जून २०२० मध्ये त्याच दिल्लीत डिझेल पहिल्यांदाच पेट्रोलच्या वर गेलं. ज्या दरीवर हा धंदा उभा होता, तीच बुजली.

तरी जुनी डिझेल गाडी घेणारा माणूस खान्देशात आजही आहे, आणि इंजिन बदलण्याचा विचारही त्याच्या मनात येतोच. त्यानं आधी आरसीवरचा इंजिन नंबर आणि ब्लॉकवर ठोकलेला नंबर जुळवून पाहावा. पंधरा वर्षं झालेल्या मोटारीच्या फेरनोंदणीला एप्रिल २०२२ पासून पाच हजार रुपये शुल्क झालं, आणि त्या तपासणीत चेसिसचा पेन्सिल प्रिंट घेतला जातो. तिथे गाडी अडली तर सगळाच व्यवहार अंगावर येतो. आरसीवर पेट्रोल आणि बॉनेटखाली डिझेल असेल, तर अपघातानंतर विम्याची भरपाई मिळवणंही कठीण होतं. ऐंशीच्या दशकात रीतसर मंजुरीनं बदललेल्या आणि आरसीवर ‘डिझेल’ लिहिलेल्या जीपला म्हणूनच जास्त भाव द्यायला हरकत नाही. आणि ज्याला फक्त दणकट डिझेल हवं आहे, त्यानं २००५-१० च्या काळातली, मूळ इंजिनाची डीआय बोलेरो बघावी. तिच्या २५२३ सीसी इंजिनाचा व्यास साडेतीन इंच आणि स्ट्रोक चार इंच, म्हणजे इंटरनॅशनलच्या जुन्या ट्रॅक्टर-इंजिनाचीच मापं. तिचं इंजिन उतरवून पुन्हा बांधणं तालुक्याच्या गावातल्या ट्रॅक्टर मिस्तरीलाही जमतं, आणि त्यासाठी आरटीओची परवानगी लागत नाही.