प्रौढ वयांतील नृत्यशिक्षण

१९८२ पर्यंत चंद्रपूर जिल्ह्यांत मोडणारें व आतां गडचिरोलीकडे असलेलें एटापल्ली हा माडिया गोंडांचा मुलूख. त्यांच्या रेला नृत्यांत स्त्रीपुरुष हातांत हात गुंफून, रेला रेला हें पालुपद गात, रांगेनें पावलें टाकतात. गोटुलापुढें हें पाहतच मुलें वाढत. तेथें नृत्याचा गुरु नाहीं, वर्गही नाहीं. मग प्रौढ नवशिका कोठून असणार?

तो निपजला गांव सुटलेल्या माणसांच्या नगरांत. दक्षिण अमेरिकेंतील ब्वेनोस आयरेस येथें १९१४ च्या खानेसुमारींत जवळजवळ निम्मे रहिवासी परदेशांत जन्मलेले आढळले. तेथील इटालियन, स्पॅनिश मजूर आणि आफ्रिकी वंशज यांच्या सहवासांत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस टँगो घडला. स्त्रिया कमी, म्हणून पुरुष आधीं पुरुषांबरोबरच सराव करीत. नवशिक्यानें प्रथम स्त्रीची बाजू नाचावयाची. जोडीदाराचा कल अंगानें ओळखतां आला, कीं मग पुढें होण्याची मुभा. रीत कठोर खरी, पण किती शहाणपणाची! पुढें १९१३ सालीं जर्मन कैसरनें गणवेशांतील अधिकाऱ्यांस टँगोची मनाई केली, तोंवर पॅरिस त्याच्या नादीं लागलेंच होतें.

आज एटापल्लीचीं अनेक मुलें आश्रमशाळेंत राहून वाढतात. रेला संमेलनाच्या रंगमंचावरही, प्रेक्षकांकडे तोंड करून, नाचला जातो. असा शिकलेला तरुण तिशींत सणाला घरीं येतो, तेव्हां कदाचित् त्याच्या घराण्यांतला तो पहिलाच प्रौढ नवशिका असेल. रांग त्याच्यासाठीं थांबत नाहीं. दोहों बाजूंचे हात त्याला ओढून नेतात.